युद्धानंतरच्या दत्तक मुलाची कादंबरी : मांडणी कुठून सुरू करायची आणि कुठे चुकते

सोलापुरात आमचा लिहिणाऱ्यांचा एक लहानसा गट महिन्यातून एकदा बसतो. युद्ध, परक्या वर्णाचं मूल आणि दत्तकपण या विषयावरचे कच्चे खर्डे तिथे वारंवार येतात. बहुतेकांचं पहिलं पान एकच असतं : पावसाची रात्र, दारात गाठोडं, आत रडणारं बाळ, मूलबाळ नसलेलं जोडपं आणि "देवानंच धाडलं गं" हे वाक्य. तिसऱ्या प्रकरणापाशी लेखक अडकतो आणि खर्डा कपाटात जातो.

कल्पनाशक्ती कमी पडली असं मला वाटत नाही. क्रम चुकलेला असतो. मूल कुणाचं, ते द्यायचा हक्क कुणाला होता, घ्यायचा कुणाला होता आणि कागदावर त्याचं नाव काय लागलं, हे ठरण्याआधीच मूल कुशीत घेतलेलं असतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. पहिले तीन पूर्ण होईपर्यंत एकही प्रसंग लिहू नका.

## टप्पा १ : युद्ध, सैनिक आणि जन्मतारीख पक्की करा

"दुसऱ्या महायुद्धानंतर" एवढ्यावर काम भागत नाही. कोणतं सैन्य कुठे, कधी उतरलं यावरून मुलाचं वय ठरतं आणि वयावरून अख्खी कादंबरी ठरते.

ब्रिटन : अमेरिकी सैन्य १९४२ च्या सुरुवातीला तिथे पोचलं. ते सैन्य वर्णानुसार विभागलेलं होतं. काळे सैनिक आणि ब्रिटिश स्त्रिया यांची सुमारे २,००० मुलं जन्मली असा अंदाज आहे. यातलं सर्वांत मोठं मूल १९५२ साली नऊ-दहा वर्षांचं असेल.

पश्चिम जर्मनी : युद्ध मे १९४५ मध्ये संपलं, त्यामुळे ही मुलं मुख्यतः १९४६ पासूनची. काळ्या अमेरिकी सैनिकांची मुलं १९५५ पर्यंत सुमारे ५,००० झाली. पहिली तुकडी १९५२ साली शाळेत बसली आणि तेव्हाच तिथल्या वर्तमानपत्रांना हा "प्रश्न" दिसला. त्याआधीही ती मुलं त्याच गल्लीत खेळत होती.

जपान : दोस्त सैन्याचा ताबा १९४५ ते एप्रिल १९५२. मिकी सावादा या बाईंनी १९४८ साली ओइसो इथे परके सैनिक आणि जपानी स्त्रिया यांच्या मुलांसाठी एलिझाबेथ साँडर्स होम काढलं.

इथे मराठी लेखकानं थांबावं, असं मला मनापासून वाटतं. जपानवर ताबा ठेवायला गेलेल्या ब्रिटिश राष्ट्रकुल फौजेत भारतीय ब्रिगेडही होती, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. ती १९४६ मध्ये गेली आणि १९४७ मध्ये परतली. म्हणजे या गोष्टीतला सैनिक दरवेळी अमेरिकी असायची गरज नाही. तो माढ्याचा, बार्शीचा, सांगोल्याचा असू शकतो. आपण स्वतःला नेहमी दार उघडून बाळ आत घेणाऱ्याच्या जागी उभं करतो. एकदा दार मागे टाकून निघून गेलेल्याच्या जागी उभं राहून बघा. गावी परतलेला हवालदार, मांडवात लग्नाची घाई आणि त्याच्या ट्रंकेच्या तळाशी एक पत्ता, जो घरात कुणालाच वाचता येत नाही.

तपासा : एका कागदावर मुलाची जन्मतारीख लिहा. शेजारी १९४८, १९५२, १९५६, १९६७ या साली त्याचं वय मांडा. बाप त्या देशात नसतानाच्या काळात गर्भधारणा पडत असेल तर तारीख आत्ताच बदला. पलटण १९४६ मध्ये उतरली आणि बाळ १९४६ च्या एप्रिलमध्ये जन्मलं, असा घोळ मी खर्ड्यात पाहिलेला आहे.

## टप्पा २ : कायद्याचा कागद

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

नेहमीची चूक अशी. १९४७ साली सोलापुरातलं एक हिंदू विणकर जोडपं अनाथ मुलगी "कायदेशीर दत्तक" घेतं, तिला आपलं नाव लावतं आणि पुढे तिला वारसा मिळतो. हे घडणं शक्य नव्हतं. त्या काळच्या हिंदू कायद्यानुसार सर्वसाधारणपणे मुलगाच दत्तक घेता येई. तोही सजातीय हवा. मूल देण्याचा हक्क जन्मदात्या आईबापांनाच होता. याचा अर्थ नीट लक्षात घ्या : ज्याला आईबाप नाहीत ते मूल देणारं कुणी नाही, म्हणून अनाथाला दत्तक जाता येत नसे. रूढीचा अपवाद निघाला तर निघाला. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज त्याच्यासाठीच दार बंद. कादंबरीला याहून मोठा पेच कुठून आणणार?

नवरा हयात असताना बायको स्वतःच्या नावानं दत्तक घेऊ शकत नसे. मुंबई इलाख्यात विधवेला मात्र, नवऱ्यानं मनाई केलेली नसेल तर, त्याच्यासाठी दत्तक घेता येई. तुमची नायिका विधवा असेल तर तिच्या हातात सधवेपेक्षा जास्त सत्ता आहे. हा धागा वापरा.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा २१ डिसेंबर १९५६ ला आला. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, जातीची अट गेली. अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाईला स्वतःसाठी दत्तक घेता येऊ लागलं. पण काही अटी राहिल्या : मूल हिंदू हवं, पंधरा वर्षांच्या आतलं हवं, अविवाहित हवं (शेवटच्या दोन अटींना रूढीची सूट आहे). मुलगा घ्यायचा तर आधीचा मुलगा, नातू, पणतू हयात नको. घेणारा पुरुष आणि मूल मुलगी, किंवा उलट, असेल तर वयात किमान २१ वर्षांचं अंतर हवं. टाकून दिलेल्या किंवा आईबाप माहीत नसलेल्या मुलाला पालकानं कोर्टाच्या परवानगीनं दत्तक देण्याची सोय १९६२ च्या दुरुस्तीनं नीट झाली. म्हणजे १९४७ ची, आईबाप माहीत नसलेली तान्ही मुलगी त्या घरची कायदेशीर लेक व्हायला पंधरा वर्षं लागली, आणि तोवर ती स्वतः पंधराची झालेली. रूढीचा आधार नसेल तर दार पुन्हा बंद. हे गणित एकदा स्वतः मांडा. अंगावर काटा येतो.

सोलापूरसाठी दोन खास गोष्टी. या कायद्याच्या "हिंदू" या व्याख्येत वीरशैव-लिंगायतांचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा लिंगायत घराला वेगळा कायदा लावत बसू नका. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी घरांना मात्र तो लागू नव्हता. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून पालकत्व मिळे, दत्तक मूल मिळत नसे. तेव्हाच्या कायद्यानं एकवीस वर्षं पूर्ण होऊन ते पालकत्व संपलं की ते मूल कागदावर पुन्हा कुणाचंच नाही.

आता परदेश. पश्चिम जर्मनीत लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचं कायदेशीर पालकत्व आईकडे नसे, सरकारी बालककल्याण कार्यालयाकडे असे. अमेरिकी सैनिकाला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे. काळा सैनिक आणि गोरी बाई असा अर्ज आला की ती बहुधा नाकारली जाई आणि पुष्कळदा सैनिकाची बदली होई. म्हणून "तो तिला सोडून पळाला" हे डोळे मिटून लिहू नका. परवानगी मिळाली असती तरी मायदेशी अनेक राज्यांत असं लग्न हाच गुन्हा होता. तो कायदा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं १२ जून १९६७ ला मोडीत काढला, तेव्हाही सोळा राज्यांत तो जिवंत होता.

जर्मनीतली ही मुलं अमेरिकेत काळ्या कुटुंबांकडे पोचवण्यात मेबल ग्रॅमर या पत्रकार बाईंचा मोठा वाटा. त्यांचे पती मानहाइमला लष्करी अधिकारी होते. मुखत्यारामार्फत दत्तक, म्हणजे आईबाप अमेरिकेत आणि त्यांचा प्रतिनिधी जर्मन कोर्टात, या मार्गानं त्यांनी सुमारे ५०० मुलांना घरं मिळवून दिली आणि स्वतः १२ मुलं वाढवली. पण मूल पाठवायचं तर व्हिसा लागतो. १९५३ च्या निर्वासित कायद्यात अनाथांसाठी ४,००० व्हिसांची तरतूद होती. तुमच्या गोष्टीत मूल १९५० ला विमानात बसत असेल तर ते कोणत्या कागदावर बसलं, ते तुम्हाला ठाऊक हवं.

सावधान : हे सगळं कादंबरीत ओतू नका. वाचकाला कलम सांगायचं नाही, कलमाचा धक्का द्यायचा. कारकुनानं अर्ज परत सरकवला, एवढं एक वाक्य पुरतं. पण तो का सरकवला हे लेखकाला माहीत नसेल तर ते वाक्य पोकळ वाजतं.

तपासा : चार ओळी लिहा. मूल कायद्यानं कुणाचं? कोण देऊ शकतं? कोण घेऊ शकतं? आडनाव काय लागलं? चारही उत्तरं एकाच तारखेची हवीत.

## टप्पा ३ : गोष्ट सोलापुरात आणायची का, ते ठरवा

आपल्या गावावर प्रेम आहे म्हणून जर्मन मूल योगायोगानं सोलापूर स्टेशनात उतरवू नका. येण्याला कारण हवं. कारणं आहेत, फक्त ती शोधावी लागतात.

रेल्वे : जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. १९४७ नंतर त्या समाजातले बरेच जण ब्रिटन-ऑस्ट्रेलियाला गेले. मागे कोण राहिलं, हा प्रश्न घेऊन बसा.

हैदराबाद : १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गवर गेलं. पाच दिवसांत कारवाई संपली. त्याआधी आणि त्यानंतरही सरहद्दीपलीकडून घरं उठून येत होती. इथे प्रश्न वर्णाचा नसून धर्माचा आणि भाषेचा आहे, पण "हे पोर कुणाचं?" हा सवाल तोच आहे.

पंढरपूर : प्रार्थना समाजानं १८७५ मध्ये सुरू केलेलं बालकाश्रम आपल्याच जिल्ह्यात आहे. टाकलेल्या मुलांची वाट तिकडे जाई. दारातलं गाठोडं तुम्हाला हवंच असेल तर आधी विचारा, शेजाऱ्यांनी "पंढरपूरला पोचवा" असं का म्हटलं नाही?

आणि नाव कसं ठेवावं हे शिकायचं तर भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात जाऊन या. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले, तिथे कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी डिसेंबरात कोटणीस गेले. मुलगा बापाच्या गावापासून हजारो मैल दूर वाढला. दोन देश एका नावात बसवण्याची आईबापांची धडपड त्या दोन अक्षरांत आहे. तुमच्या पात्राचं नाव इतक्याच विचारानं ठेवा.

सावधान : अमेरिकेतला वर्णभेद उचलून जातीवर जसाच्या तसा चिकटवू नका. कातडी विचारल्याशिवाय दिसते. जात विचारावी लागते, म्हणून आपल्याकडे नाव, गाव, आडनाव, "कुणाच्यातले?" अशी चौकशी चालते. गोरं, घाऱ्या डोळ्यांचं पोर सोलापुरात कौतुकाचं ठरेल आणि पंगतीत तरीही वेगळं बसवलं जाईल. ही दुहेरी वागणूक आपली आहे. ती लिहा.

## टप्पा ४ : आधी कागद वाचा, मग माणसांकडे जा

क्रम हाच. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसा, त्या वर्षांची वर्तमानपत्रं मिळतात का पाहा, जन्मनोंदी, चर्चची बाप्तिस्म्याची वही, गिरणीची कागदपत्रं चाळा. १८८४ चं गॅझेटिअर पेठा आणि जाती समजायला बरं आहे, पण त्यातलं सोलापूर तुमच्या गोष्टीच्या साठ वर्षं आधीचं आहे.

मग माणसं. इथे माझ्या हातून घडलेली चूक सांगते. एका आजींकडे मी गेले होते. त्या घेतलेल्या, म्हणजे दत्तक आहेत हे मला दुसऱ्याकडून कळलं होतं. सून चहा घेऊन आली आणि मी तिच्यादेखत विचारलं, "तुम्हाला या घरात कधी आणलं?" सुनेला ते माहीत नव्हतं. आजींनी कप खाली ठेवला आणि पदर सारखा केला. त्यानंतर त्या माझ्याशी पावसापाण्यावर बोलल्या, अगदी सभ्यपणे, अर्धा तास. मी पुन्हा कधी गेले नाही. जायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून मी हे पाळते :

- "तुम्ही दत्तक आहात का?" असं कधीच विचारत नाही. "लहानपणचं घर कसं होतं?" इथून सुरुवात करते.
- माणूस एकटा असल्याशिवाय विषय काढत नाही.
- वही दाखवते. "यातलं काय खोडू?" हे निघताना विचारते आणि समोर खोडते.
- नाव, पेठ, गिरणी, हुद्दा हे सगळं बदलते. एक बदलून भागत नाही, सोलापुरात दोन खुणांवरून माणूस ओळखू येतो.

## टप्पा ५ : कुणाच्या डोळ्यांनी

मूल निवेदक असेल तर वयाशी प्रामाणिक राहा. तीन वर्षांच्या पोराला आपण वेगळे आहोत हे माहीत नसतं. केस विंचरताना आई थांबते हे कळतं, पाहुणे आले की आपल्याला आत पाठवतात हे कळतं. "वंश" हा शब्द त्याला शाळा शिकवते.

जन्मदात्रीला खलनायिका करू नका. सहीचा कागद पुढे आला तेव्हा तिच्या घरात खायला काय होतं, ते आधी लिहा. जर्मनीत जून १९४८ च्या चलनबदलापर्यंत सिगारेटी नाण्यासारख्या चालत. पाळणाऱ्या आईबापांना संतही करू नका. उपकाराची भाषा सर्वांत प्रेमळ घरातच जास्त बोलली जाते : "कुठून उचलून आणलं, विसरलीस का?" रागाच्या एका क्षणी निघालेलं हे वाक्य मूल जन्मभर सांभाळतं.

शब्दांची यादी वेगळी ठेवा. "मिश्रवंशीय" हा आजच्या अहवालातला शब्द, १९४६ च्या तोंडी नको. जर्मनीत "बेझात्सुंग्सकिंड" म्हणजे ताब्याच्या काळातलं मूल. "मिशलिंग" हा नाझींनी वापरलेला शब्द युद्धानंतरही टिकला. आपल्याकडे घेतलेलं, पोसलेलं, पाळलेलं, आणलेलं. यातला कोणता शब्द कोण, कुणाच्या पाठीमागे वापरतं, हे पात्रागणिक ठरवा. शिवी लिहावी लागली तर ती बोलणाऱ्याच्या तोंडी राहू द्या, निवेदनात उतरू देऊ नका.

## टप्पा ६ : आपलेपणाचे प्रसंग निवडा

"त्याला सर्वांनी आपलं मानलं" हे वाक्य खोडा. त्याजागी एक वस्तू, एक हात आणि एक नकार ठेवा.

सोलापुरात यासाठी दूर जावं लागत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं चालतात. घरातल्या दोन मुलांसाठी बाराबंदी शिवायला टाकली आहे आणि तिसऱ्याचं माप घेतलंच नाही, यावर अख्खं प्रकरण उभं राहतं. किंवा उलट : आजी, जी आजवर त्याच्या हातचं पाणी प्यायली नाही, ती स्वतः शिंप्याकडे जाऊन माप देऊन येते. काहीच बोलत नाही.

दुसरा प्रसंग ताटाचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. ताट कोणतं, बसायचं कुठे, उष्टं कोण काढतं.

तिसरा प्रसंग टाळू नका : पाळणारा बाप गेला आणि अग्नी कोण देणार. दत्तविधान झालेल्या मुलाला तो अधिकार असतो. नुसत्या पोसलेल्याला नसतो. भाऊबंद आदल्या दिवसापर्यंत प्रेमानं वागत होते, आता एक चुलता म्हणतो, "तू जरा मागं हो बाळ." आवाज मायेचाच आहे. टप्पा दोनमधला कागद इथे फुटतो, आणि तिथे तुम्ही गणित चुकवलं असेल तर हा प्रसंग कोसळतो.

सावधान : असे तीन प्रसंग पुरे. दर प्रकरणात मुलाला अपमान सोसायला लावलात तर ते माणूस राहत नाही. त्याला भांडू द्या, खोटं बोलू द्या, चतुर्थीला मोदक चोरू द्या.

## टप्पा ७ : बोली

सोलापूरची मराठी कानडी-तेलुगू-दखनीच्या शेजारात वाढली आहे. "काय करलालास बे?" हे गल्लीत चालेल, सासऱ्यासमोर नाही. गिरणीच्या चाळीत पोर चार भाषा ऐकत वाढतं, आणि बाहेरून आलेलं मूल आपलं झालं हे पुष्कळदा त्याच्या बोलीवरूनच आधी कळतं. निवेदन साधं ठेवा, बोली संवादात ठेवा. लिहिलेला संवाद गल्लीतल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे तुमचं पुणं डोकावलेलं असतं.

## टप्पा ८ : पहिला खर्डा झाल्यावर

पंधरा दिवस बाजूला ठेवा. मग तीन वेळा वाचा, दरवेळी एकच गोष्ट शोधत.

पहिल्या वाचनात फक्त तारखा. टप्पा एकचा कागद शेजारी.

दुसऱ्यात प्रत्येक प्रसंगासमोर लिहा, मुलाबद्दलचा निर्णय इथे कोण घेतंय? दहा प्रसंगांत दहाही वेळा मोठी माणसंच असतील तर निम्म्यानंतरचे दोन प्रसंग मुलाच्या हातात द्या. चौदा वर्षांची मुलगी दप्तरावर स्वतः आडनाव लिहिते. कोणतं लिहिते ते तिला ठरवू द्या.

तिसऱ्यात शेवट पाहा. बहुतेक खर्ड्यांत खरा बाप किंवा खरी आई शेवटी भेटते, मिठी होते. ज्या हवालदाराच्या ट्रंकेत पत्ता होता, त्याचं मूल ओइसोच्या किनाऱ्यावर वाढलं असेल तर दोघांच्या मध्ये दोन लिप्या, एक समुद्र आणि बापाचं इथलं लग्न आहे. भेट घडवायचीच असेल तर पत्र कोण लिहील, कोणत्या भाषेत, आणि माढ्यात ते वाचून कोण दाखवील, एवढं आधी लिहा. याचं उत्तर सापडलं नाही तर मिठीचं पान काढा आणि ट्रंकेपाशी परत या. सुनेला ती साफ करायची आहे. पत्त्याचा कागद तिच्या हातात आहे, आणि सासरे ओसरीवर बसलेले आहेत.